हौदातले कंदील

दुपारी जेवायच्या वेळी मंदाकिनीबाई दोन ताटं वाढायच्या. एक स्वतःचं आणि एक ह्यांचं. ह्यांच्या ताटात डावीकडे लिंबाची फोड नि चटणी, उजवीकडे भाजी, मधे भाताची मूद, त्यावर वरण आणि वरणावर तूप, तेही हात आखडता न घेता. आमटीची वाटी तेवढी झाकून ठेवायची, गार होऊ नये म्हणून. हे म्हणजे त्यांचे यजमान, गोपाळकृष्ण. एका आषाढात सकाळी पिशवी घेऊन ते मंडईत अळूची पानं आणायला गेले, ते अजून यायचेत. यंदाच्या आषाढात त्याला बारा वर्षं झाली.

तेव्हा त्यांना विसरायला व्हायचं. चष्मा विसरायचे, वार विसरायचे, पण मंडईची वाट काही विसरत नव्हते. पेठेत जन्मलेला माणूस, झोपेतसुद्धा मंडईत पोचला असता. पोचलेही. अळूवाल्या बाईने त्यांना पानं दिल्याचं सांगितलं. पुढे काय झालं ते देवाला ठाऊक, आणि देव बोलायला तयार नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, पेपरात फोटो झाला, स्टेशनं, देवळं, वृद्धाश्रम सगळं पालथं घातलं. माणूस नाही तो नाहीच.

ताटाबद्दल लोक बोलायचेच. पुण्यात कुणी काही करावं आणि लोकांनी बोलू नये, असं कधी झालंय का? शेजारच्या बाई एकदा म्हणाल्या, "जिवंत माणसाचं ताट असं मांडून ठेवू नये हो. असं पान पितरांचं असतं." मंदाकिनीबाईंनी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला होता. मागच्या बाकावरच्या मुलांकडे बघावं तसं बघत त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे आलेत का जेवायला? नाही ना? मग इथेच येतील." विषय तिथेच मिटला. संध्याकाळी ते ताट त्या स्वतः संपवायच्या. अन्न टाकायचं नाही, ही ह्यांचीच शिस्त.

जेवणानंतर खुर्चीत डोळा लागायचा आणि तेवढ्यात ते यायचे. घरात नाही, मंडईत दिसायचे. वरच्या कौलांतून हिरवट उजेड खाली सांडलेला, गाळ्यांवर माणसं नाहीत, नुसते भाज्यांचे ढीग, आणि त्यांच्यामधून ते एकटेच पानं उलटीसुलटी करत फिरताहेत. काळ्या देठाची हवीत ना, असं विचारायचे. त्या हो म्हणायच्या. मग ते पुढच्या गाळ्याकडे जायचे, मग त्याच्या पुढच्या, आणि मंडई काही संपायची नाही. जिन्यात कुणाची चप्पल वाजली की जाग यायची. त्या उठून दार उघडून बघायच्या. कुणीतरी वरच्या मजल्यावर गेलेलं असायचं.

मुलगा सलिल दर रविवारी बाणेरहून यायचा. आषाढ संपल्यावरच्या रविवारी त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि घसा खाकरला. घसा खाकरून बोलायची सवय ह्यांचीच.

"आई, गुरुजींशी बोललो. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मग दिवस घालायचे. म्हणजे यंदा पक्षात बाबांचं श्राद्ध करता येईल. पण तू हो म्हटल्याशिवाय मी काही करणार नाही."

"मग नकोच करूस."

"आई, मी अजून दर सिग्नलला बघतो. पांढरी टोपी नि हातात पिशवी दिसली की गाडी बाजूला घेतो, उतरतो, त्या माणसाचं तोंड बघतो. परवा एकाने मला चोर समजून शिव्या दिल्या." त्याने कप लांब सारला. "मला आता थांबायचंय गं."

मंदाकिनीबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पण तोंडातून मात्र आलं, "तू थांब की. मी कुठे अडवलंय?" कुंकवाचं त्यांना काही नव्हतं, ते लावायचं की नाही हे कुणाच्या बापाने त्यांना सांगायचं नव्हतं. भीती वेगळीच होती. पुतळ्याला अग्नी दिला की संपलं. मग ह्यांनी खालून हाक मारली तरी दार कुणी उघडायचं? जिवंत माणसाला आपण आपल्या तोंडाने 'जा' म्हणायचं? छे!

सलिल तसाच निघून गेला. जाताना ताटाकडे बघितलं नाही.

त्याच आठवड्यात नात आली, स्पृहा. जपानी शिकत होती. बरोबर तिच्या बाई होत्या, साचिको. लग्न करून पुण्यात आल्या त्याला तीस वर्षं झाली होती; मराठी बोलायच्या हळू, पण एकेक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखा. सहा ऑगस्टला हिरोशिमाच्या आठवणीत दरवर्षी त्या नदीवर कंदील सोडायचा कार्यक्रम करत. कंदील करायला माणसं कमी पडत होती, आणि आजी दिवाळीचे कंदील घरी करते हे स्पृहाने सगळ्या वर्गात सांगून ठेवलं होतं.

बाई आत आल्या, वाकल्या, आणि त्यांची नजर टेबलावरच्या झाकल्या वाटीवर गेली. स्पृहा काहीतरी सांगायला पुढे झाली. पण बाई त्या ताटाकडे वळून पुन्हा एकदा वाकल्या.

"आपले यजमान प्रवासाला गेलेत?"

बारा वर्षांत हा प्रश्न असा कुणी विचारला नव्हता. मंदाकिनीबाई खुर्चीवर बसल्याच.

"हो," त्या म्हणाल्या. "लांबच्या."

"माझ्या आजीकडे होतं असं. आम्ही त्याला सावलीचं ताट म्हणतो. आजोबा ब्रह्मदेशात लढाईला गेले होते. ते तिकडे उपाशी राहू नयेत म्हणून आजी इकडे वाढायची. मग वाटीचं झाकण उचलून आतून बघायची. थेंब जमले असले तर म्हणायची, आहेत, सुखरूप आहेत."

वाफ गार झाकणाला लागली की पाणी होतं, हे मंदाकिनीबाईंनी सातवीच्या वर्गाला वर्षानुवर्षं शिकवलं होतं. तरी त्या उठल्या, आणि आमटीवरचं झाकण त्यांनी हळूच उचललं. आत थेंब होते, टपोरे. त्यांनी झाकण जपून परत ठेवलं.

"मग आले का आजोबा?"

"नाही. एक पेटी आली. आत एक दगड होता."

"आणि तुमच्या आजीने दगडावर विश्वास ठेवला?"

"नाही ठेवला. पण ऑगस्टात आजोबांच्या नावाचा कंदील सोडला. आमच्याकडे पितर ऑगस्टात घरी येतात. तीन-चार दिवस राहतात. जाताना त्यांना उजेड दाखवायचा."

"आमच्याकडे पंधरा दिवस असतात," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पुणेकराच्या घरी पाहुणा पंधरा दिवस! मेल्याशिवाय शक्य नाही."

साचिकोबाईंना हसायला जरा वेळ लागला, पण हसल्या त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग दोघींनी बसून बांबूच्या काड्या बांधल्या, कागद चिकटवले. मंदाकिनीबाईंनी पहिल्या कंदिलाला सवयीने खाली झिरमिळ्या लावल्या. "आजी, पाण्यात सोडायचेत!" स्पृहा कळवळली. झिरमिळ्या निघाल्या. उठताना साचिकोबाईंनी एक कोरा कंदील टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "यावर नाव लिहितात. लिहायलाच पाहिजे असं नाही."

तो कंदील घरात राहिला. त्याच्याकडे बघून मंदाकिनीबाईंना संताप यायचा. कागदाचं एवढंसं डबडं, आणि दिवसभर डोळ्यांसमोर! त्यांनी तो कपाटावर ठेवला, मग खाली काढला, मग खिडकीत ठेवला. दुपारच्या झोपेत मंडई आता पाण्याने भरलेली दिसू लागली. गुडघाभर पाण्यातून ते चालायचे, पिशवी वर धरून. थकलेले दिसायचे. पूर्वी कधी थकलेले दिसले नव्हते. एकदा त्यांनी विचारलं, "किती वेळ फिरायचं गं अजून?" मंदाकिनीबाई दचकून उठल्या आणि ताट तसंच टाकून किती तरी वेळ रडत बसल्या. आपण यांची वाट बघतोय, का यांना वाटेवर उभं करून ठेवलंय, असं पहिल्यांदाच मनात आलं.

सहा ऑगस्टला नदी दुथडी भरून वाहत होती. धरणातून पाणी सोडलेलं, काठाकडे फिरकायची सोय नव्हती. मग कंदील सोडायचे कुठे? पुण्यात त्याचं उत्तर एकच. बागेशेजारी गणपती विसर्जनाचा हौद होता, तो घासूनपुसून भरला. "हौदात?" साचिकोबाईंनी एकदाच विचारलं. "आमचा देवसुद्धा त्यातच जातो," स्पृहाने सांगितलं, आणि बाई कंदील मोजायला लागल्या.

संध्याकाळी पावसाने उघडीप दिली. हौदाच्या पायऱ्यांवर पन्नासेक माणसं जमली. एका गृहस्थांनी विश्वशांतीवर भाषण केलं, ते संपेपर्यंत शांतीचा अंत पाहिला. मग दिवे मालवले. पहिला कंदील पाण्यावर आला, मग दुसरा. कुणाच्या कागदावर जपानी, कुणाच्या मराठी, एकावर उर्दू. ज्यांना हिरोशिमा नकाशात दाखवता आलं नसतं अशांनीही आपापलं माणूस आणलं होतं. एका बाईने कंदिलावर फक्त 'ताई' लिहिलं होतं. उजेड पाण्यात उतरला, पाणी पिवळं झालं, हौदाला जणू तळच राहिला नाही. मंदाकिनीबाईंना वाटलं आपण अजून खुर्चीतच आहोत, डोळा लागलाय.

सलिल आला होता. स्पृहाने बोलावलं म्हणून आला आणि मागे उभा राहिला. आईच्या हातात कंदील बघून तो पुढे झाला. कंदील कोरा होता.

"पेन दे," आई म्हणाली.

त्याने दिलं. आयुष्यात त्यांनी नवऱ्याला नावाने हाक मारली नव्हती. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी ते नाव त्यांच्या स्वतःच्या नावाच्या आणि आडनावाच्या मधे बसलेलं असायचं, हजेरीच्या सहीपासून रेशनकार्डापर्यंत. आज ते एकटंच लिहिलं: गोपाळकृष्ण. अक्षर फळ्यावरच्यासारखं ठसठशीत आलं. सलिलने ते वाचलं आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

मंदाकिनीबाई पायरीवर वाकल्या, कंदील पाण्यावर ठेवला, हात काढला.

कंदील हलेना.

नदी असती तर तिने नेला असता. हौदाचं पाणी ते, त्याला काय घेणंदेणं! कंदील काठाला टेकून तिथेच डुलत राहिला. त्यांनी पाण्यावर हलकी थाप मारली. तो वीतभर गेला आणि परत आला, थेट त्यांच्या बोटांपाशी.

"राहू दे आई, मी ढकलतो."

"तू नको."

ढकलल्याशिवाय जाणार नाही, आणि ढकलायचं आपल्यालाच, हे त्यांना कळून चुकलं. त्या एक पायरी खाली उतरल्या, निऱ्या भिजल्या, आणि कोपरापर्यंत हात घालून त्यांनी पाणी लांब लोटलं. पुन्हा लोटलं. कंदील सरकला, इतर कंदिलांना घासत मधोमध गेला, आणि त्याच्यावरचं नाव दिसेनासं झालं. तेव्हा काय झालं कुणास ठाऊक. इतक्या वर्षांत हौदाच्या काठावर वाकून पाण्यात जे जे सोडलं होतं, त्या प्रत्येक वेळी तोंडातून जे आलं होतं तेच आलं, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात:

"पुढच्या वर्षी लवकर या!"

पायऱ्यांवरची सगळी डोकी वळली. "आजी!" स्पृहाने तोंडावर हात ठेवला. मंदाकिनीबाई ओल्या हाताने तशाच उभ्या राहिल्या. मेलेल्यांच्या दिव्यापुढे हे काय बोलून बसलो आपण! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्यांना.

साचिकोबाई जवळ आल्या. तीस गणेशोत्सव पाहिलेली बाई, तिला अर्थ सांगायची गरज नव्हती. त्यांनी मंदाकिनीबाईंचा ओला हात दोन्ही हातांत धरला, आणि हौदाकडे तोंड करून, वाकून, त्यांच्या त्या हळू मराठीत म्हणाल्या, "आजोबा, पुढच्या वर्षी लवकर या."

मग 'ताई'वाली बाई म्हणाली. मग भाषणवाले गृहस्थ म्हणाले, आणि यावेळी थोडक्यात म्हणाले. कुणी मोठ्याने, कुणी ओठांतल्या ओठांत. पाणी हलत होतं, कंदील एकमेकांना लागून मंद फिरत होते, आणि कुठला कुणाचा हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

सलिल पायरीवर बसला होता. बारा वर्षं दाबून धरलेलं रडू त्याला फुटलं होतं. मंदाकिनीबाई त्याच्याशेजारी बसल्या, गुडघे धरत.

"गुरुजींना फोन कर," त्या म्हणाल्या. "सर्वपित्रीला करू श्राद्ध. तिथी कुणाला ठाऊक आहे? त्याआधी तो पुतळ्याचा विधी उरकून घे."

सलिलने डोळे पुसले. हेच तर ऐकायचं होतं त्याला. आणि तोंडातून निघालं, "इतक्यात नको, आई. पुढच्या वर्षी बघू. त्यांना जा कसं म्हणायचं गं?"

"वेड्या," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "निरोपच दिला नाही, तर माणूस परत यायचा कसा?"

सलिलने मान हलवली. मग त्याने खिशातून रुमाल काढला, आईचा हात मांडीवर घेतला आणि कोपरापर्यंत नीट पुसला.