बार्लीची थैली आणि आबांचा कोरा चहा

मुलांनो, डोळे मिटा आणि असं समजा, की वैशाखातली सकाळ आहे. तुम्ही गोठ्याच्या कठड्यावर पाय हलवत बसला आहात. एक टेम्पो मागे मागे येत अंगणात थांबतो, फाळका पडतो, आणि आत ओल्या, तांबूस चोथ्याचा वाफाळता ढीग दिसतो. वास येतो थोडा ताज्या पावाचा, थोडा आंबिलीचा. आला ना? आता उघडा डोळे.

त्या कठड्यावर कोल्हारची राजनंदिनी बसली होती, आणि तिचे आजोबा, रंभाजी आबा, टेम्पोपुढे हात पसरून उभे होते.

"बिभीषण, फाळका लाव! दारूचा माल माझ्या दारात न्हाई उतरायचा!"

आबांच्या गळ्यात तुळशीची माळ. टेम्पोवाल्या बिभीषणने कपाळाचा घाम पुसला.

"आबा, थेंबभर बी दारू न्हाई ह्यात. कारखान्यात बार्ली गरम पान्यात भिजवून तिचं गोड पानी काढून घेत्यात. बिअर हुती ती त्या पान्याची, अन् ती बी मागनं. ह्यो नुसता चोथा हाय."

"चोथा बी त्याच घरचा!"

हिरवा चारा संपला होता, गवळण गायीचं दूध आटत चाललं होतं. खाद्याची सोय झाली नाही तर गवळण घोडेगावच्या गुरांच्या बाजारात विकली जाणार, असं तिच्या वडिलांनी, सहादेवने, स्पष्ट सांगितलं होतं. ही ओली बार्ली तर अशी, की उन्हात उघडी राहिली तर बघता बघता बुरशी धरते. ती लगेच थैलीत दाबायला हवी होती. आणि दाबणार कोण? मुरघासाची, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या चाऱ्याची, थैली आबांसारखी पायाने तुडवणारा माणूस आसपास नव्हता.

ती कठड्यावरून उतरली. "आबा, आपल्या उसाच्या रसाची साखर होते. मग उरलेल्या मळीचं काय करतात?"

बिभीषण उगाच खोकला.

"दारू," आबा पुटपुटले.

"मग उसाच्या शेंड्याचं वाढं आपण गवळणीला घालतो, ते दारूचं का?"

"बिभीषण, हिला कुनी पढवलं रं?"

"तुमचंच रगात हाय, आबा!"

आबांनी माळ सदऱ्याच्या आत सारली आणि धोतर वर खोचलं. "तुडवतो. पर ही खाऊन गाय झोकांड्या खायला लागली, तर तिला बिभीषणच्या टेम्पोत बसवून देईन. अन् खात्री पटस्तवर तिचं दूध मला नको, माझा चहा कोरा!"

सहादेव घमेल्याने बार्ली ओतत होता, जादा ओल शोषायला मधे मधे कडब्याची कुट्टी आणि चिमूटभर मीठ टाकत होता. आबा थैलीत गोल गोल फिरत पायाने दाबत होते.

"हवा ऱ्हायली की बुरशी आलीच," ते नातीला म्हणाले. "कोपऱ्यात टाच घालायची. अशी!"

शेवटी त्यांनी तोंड पिळून सुतळीने करकचून बांधलं आणि थैलीवर दगड ठेवला.

काही आठवड्यांनी थैली उघडली. आंबूस गोड वास गोठाभर पसरला. सहादेवने रोजच्या पेंडीत आधी ओंजळभर, मग थोडी थोडी वाढवत बार्ली मिसळली. गवळण टोपलं चाटून पुसून ठेवू लागली. आबा रोज फाटकाशी उभे राहून तिची चाल न्याहाळत. गाय सरळच चालायची. दूधही चढू लागलं, आणि घोडेगावचं नाव कुणी काढेना.

तरी आबांचा चहा कोराच. प्रत्येक घोटाला तोंड वाकडं.

एका सकाळी ते ओट्यावर कप घेऊन बसले होते. धारेची किटली घेऊन राजनंदिनी समोरून निघाली, तेव्हा आबांनी मान रस्त्याकडे वळवली आणि कप मात्र हळूच तिच्या बाजूला सरकवला.

राजनंदिनीने किटली वाकडी केली आणि चहा कपातून बशीत सांडेपर्यंत दूध ओतत राहिली.