ठमीच्या गळ्याचं माप

नणंदेनं शिवून आणलेली झबली भावजयीनं टेबलावर पसरली. मग फ्रीजवरचं लोहचुंबक काढून शिवणीशिवणीवरून फिरवलं. बाह्या झाल्या, चड्ड्यांचे नेफेही झाले. चोराच्या घराचीसुद्धा अशी झडती कुणी घेत नसेल.

"टाचणी नाही गं एकही. लाल दोऱ्यानं टाचून शिवलंय सगळं."

"मागच्या वेळीही नव्हतीच की, वन्सं. ठमीच्या मांडीत घुसेपर्यंत."

नणंदेनं विस्कटलेली बाही सरळ केली. टाचण्या ओठांत धरून शिवायची तिची जुनी खोड. एक चुकार टाचणी नेफ्यात राहिली, मांडीवर रक्ताचा ठिपका उठला, आणि त्या दिवसापासून भाचीला हात लावायची बंदी झाली. दारातून बघायचं, दारातूनच परतायचं.

ही झबली बघून तरी भावजय विरघळेल, एवढीच तिला आशा. कापड धुऊन मऊ केलेलं, शिवणीची टोकं आत दडपलेली. मशीन चालवताना ती गुणगुणलीही होती :

शिवते झबलं, घेर ठेवते ग सैल
वाढू दे माझी बाळी, जशी मांडवाची वेल

चुंबकाला काहीच चिकटलं नाही, तशी भावजय जास्तच घुश्शात आली. तिनं झबलं ठमीच्या डोक्यावरून ओढलं. गळा कानांपाशी अडला आणि आतून ठमीनं भोकाड पसरलं.

"वा! घागरीला पेल्याचं झाकण! माप कुणाचं घेतलंत?"

नणंद गोरीमोरी झाली. मापाला पोर कुठे मिळत होती? ठमीचं जुनं झबलं कापडावर ठेवून तिनं अंदाजानं वाढवलं होतं. घेर वाढवला, लांबी वाढवली, गळा तेवढा राहिला. तिच्या डोळ्यांपुढे ठमी अजून पाळण्यातच होती.

"ओढू नकोस, कान दुखतील! कात्री दे."

"तुमच्या हातात? तिच्या मानेपाशी?"

"मग तू उसव. खांद्याची शिवण."

भावजयीनं कात्री उचलली खरी, पण शिवण कुठली आणि कान कुठला, तिला उमगेना. आत ठमी रडून रडून कासावीस.

"घ्या एकदाची!" तिनं कात्री पुढे केली. "पण ओरखडा जरी उठला ना..."

नणंदेनं आधी आपली दोन बोटं कापडाच्या आत सरकवली, मग टाके कापले. टोक लागलं ते तिच्याच बोटाला. गळा मोकळा झाला, आणि आतून लालबुंद ठमी बाहेर आली.

भावजयीनं ते बोट पाहिलं.

"रक्त कापडाला पुसू नका," ती म्हणाली. "खांद्यावर बटणं लावा, उघडझाप होणारी. आणि डोक्याचं माप घ्या. आत्ता, माझ्यासमोर. टाचणी विसरले असं मात्र समजू नका."

नणंदेनं बोट पदरात गुंडाळलं आणि दुसऱ्या हातानं टेप ठमीच्या कपाळावरून, कानांवरून फिरवली. जावळ घामानं भिजलं होतं. वास तोच होता.

"झालं का?"

"हलतेय गं पोर," नणंद म्हणाली.

ठमी तर आत्याकडे टुकुटुकु बघत दगडासारखी स्तब्ध बसली होती.