बर्फाची उंची

सेइगोने शेवटची फळी खिडकीवर आडवी बसवली, पेंढ्याचा दोर दोनदा फिरवून आपली ती उलटी गाठ मारली आणि शिडीवरूनच खाली हात केला. बायकोने, मित्सुएने, पुढचा दोर दिला. बर्फाच्या भाराने खानावळीच्या खिडक्या फुटू नयेत म्हणून दर नोव्हेंबरात हे काम निघे. त्या गाठी वसंतात सोडवायची त्याच्याशिवाय कुणाची प्राज्ञा नव्हती.

"चिहारुचा फोन होता," ती म्हणाली.

मुलगी ओकिनावाला दिलेली. सासरच्यांनी जन्मात बर्फ पाहिला नव्हता आणि आता सगळ्यांना स्की शिकायचं खूळ लागलं होतं. जानेवारीत व्याह्यांची ऊसतोड, म्हणून डिसेंबरचा पहिलाच आठवडा ठरत होता. मित्सुएने बुटांची मापं विचारून घेतली, नवख्यांच्या उतारावरचा शिक्षक बोलून ठेवला, विहीणबाईंसाठी जाड पायमोजेही काढले. घोडं अडलं होतं ते बर्फावर. इतक्या लवकर तो गावात असेलच असं नाही. चिहारुने स्पष्ट सांगितलं होतं, बाबा नाही म्हणाले तर आम्ही सरळ होक्काइदोला जातो, तिकडे खात्री आहे.

लग्न झाल्यापासून पोरगी हिवाळ्यात एकदाही घरी आली नव्हती.

आणि सेइगोचा शब्द म्हणजे गावाला काळ्या दगडावरची रेघ. हात जोडल्यासारखा बसणाऱ्या प्रार्थनाकीटकाने अंड्यांचा कोष झाडावर उंच चिकटवला तर बर्फ लवकर आणि दांडगा, खाली चिकटवला तर उशिरा आणि बेताचा, हा त्याचा हिशेब. लोक हसायचे, पण त्याला विचारल्याशिवाय कुणी हिवाळ्याचे बेत आखत नसे.

"उद्या परसात बघून सांगतो," तो म्हणाला.

मित्सुएने संध्याकाळीच बघितलं. मेपलवर कोष होता, पण पार गुडघ्याएवढ्या उंचीवर. तिने ती डहाळी मोडली, बादली पालथी घालून वर चढली आणि शिवणाच्या दोऱ्याने डोक्यापेक्षा वरच्या फांदीला बांधून टाकली. मग चोरी केल्यासारखी इकडेतिकडे बघत घरात शिरली.

सकाळी सेइगो परसात बराच वेळ होता. आत येऊन त्याने हात धुतले आणि फोन लावला.

"या तुम्ही. बर्फ असेल."

पाहुणे आले त्या दिवशी उतारावर पिवळं गवत होतं आणि लिफ्ट बंद होती. शेजारचा गेन्पाची कुंपणाशी टपूनच बसला होता.

"काय रे, यंदा तुझ्या कीटकाने साके घेतली होती वाटतं?"

"वय झालं माझं," सेइगो म्हणाला आणि हसला.

मित्सुएला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांची त्याची पत तिने एका दोऱ्यावर घालवली होती.

पाहुण्यांना मात्र कशाचं काही नव्हतं. व्याही जड बूट चढवून ओसरीत खडखडत फिरले. सेइगोने मागच्या बांधावर ओला पेंढा पसरला आणि आधी नीट पडायचं कसं ते शिकवलं. विहीणबाईंना तर पडण्याचाच नाद लागला. चिहारु स्वयंपाकघरात मुळा किसता किसता त्यांच्या नकला करून दाखवत होती. घर कित्येक दिवसांनी भरल्यासारखं वाटलं, आणि म्हणूनच मित्सुएला ते सहन होईना. नवऱ्याला सगळं सांगून टाकायचं ठरवून, ती डहाळी काढून आणायला ती परसात गेली.

बादली पालथी घातली, वर हात नेला. तिचा दोरा सैल होऊन लोंबत होता. डहाळी तरीही घट्ट होती. तिच्याभोवती पेंढ्याचा दोर दोनदा फिरवला होता आणि वर उलटी गाठ होती.

तिने नखाने ओढून पाहिली. गाठ हलली नाही.

"अगं, व्याह्यांना भात हवाय," आतून सेइगोने हाक मारली.

"आले," ती म्हणाली आणि लोंबणारा दोरा तेवढा तोडून खिशात घातला.