सातवा खडा

भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या घरी खड्यांच्या गौरी याव्यात, म्हणजे मांजरापुढे लोण्याचा गोळाच! नवीन पनवेलला गुरुदत्तकडे एक्क्याण्णव साली अगदी तसंच झालं. त्याच्या बायकोने, सुनीताने, नेऱ्याच्या नदीवरून सात खडे आणले, रीतीप्रमाणे वाटेत चकार शब्द न बोलता. माईंनी, म्हणजे त्याच्या आईने, ते पाटावर मांडले आणि सातवा खडा बघून गुरुदत्त जागच्या जागी थबकला. पाण्यासारखी नितळ गारगोटी, आणि आत शेवाळासारखे हिरवे तंतू!

वर्गात तो हेच तर शिकवायचा. लाव्हा थिजताना आत पोकळ्या राहतात, त्यांत ऊन पाणी झिरपतं, आधी हिरवं खनिज धरतं आणि मग त्याच्याभोवती गारगोटी वाढते. पण हे तंतू खरंच आधीचे, की मागाहून भेगेतून शिरलेले? फोडल्याशिवाय कळणार कसं? आणि तिसऱ्या दिवशी तर विसर्जन. खडा पाण्यात गेला की गेलाच.

पूजेच्या दिवशी घावन-घाटलं जेवून घर आडवं झालं, तेव्हा त्याने सातव्याच्या जागी रस्त्यावरचा एक खडा पाटावर ठेवला आणि गॅलरीत जाऊन हातोडी चालवली. गौरीवर! भेग कुठेच नव्हती, तंतू आधीचेच होते. मेला नाचायचाच काय तो बाकी होता.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या आणि माईंनी ओळखलं. "ही आपली गौर नव्हे! सुनीता, वाटेत बोलली असणार तू. मुकेपण मोडलंस, म्हणून ती निघून गेली."

"नाही हो माई, शपथ."

"मग काय, पाय फुटले तिला?"

सगळ्या बायका सुनीताकडे बघायला लागल्या. गुरुदत्त दारातच उभा होता. पण वर्गात तासभर बडबडणाऱ्या या बाबाची जीभ टाळ्याला चिकटली. शरमेने कान तापले, तरी तो गप्पच राहिला, आणि त्या गप्प राहण्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

बायका गेल्यावर तो दोन्ही तुकडे घेऊन देवापुढे आला. "माई, मी फोडली. सुनीता वाटेत बोलली नव्हती."

माईंनी तुकडे हातात घेतले. "अरे, घरची गौर फोडलीस? आणि चारचौघींत हिला बोलू दिलंस मला!"

गुरुदत्तची मान वर होईना. "सुनीता, तेव्हाच सांगायला हवं होतं मी."

"मला दुपारीच कळलं होतं. गॅलरी झाडताना चुरा दिसला."

"मग बोलली का नाहीस?"

"बायकांसमोर तुमची लाज गेली असती," सुनीता म्हणाली. "म्हटलं, तुम्ही बोलाल."