भिंतीपलीकडची टकटक

आई गेल्याच्या दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघराची भिंत वाजली. ती ओट्याशी जिथं उभी राहायची, अगदी तिथंच. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. बाहेर माणसं तिचे गोडवे गात होती. म्हणे नवऱ्यासाठी झिजली, पोरांसाठी खपली, सगळ्या गल्लीची मायमाउली होती. जिवंतपणी एकानं तरी तिच्या हातातलं भांडं घेतलं होतं का?

भिंत पुन्हा वाजली, आता जोरात. मी धावत बाबांकडे गेले. ते पांढरेफटक पडले.

“शेजारच्या आजी! कानानं ठार बहिऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या. रोज सकाळी, तू उठायच्या आधीच, त्या भिंत ठोकतात आणि तुझी आई लाटण्यानं उत्तर देते. तो ठोका हाताला जाणवावा म्हणून आजी भिंतीला हात लावून पडून असतात. आई गेल्याचं त्यांना सांगायचा कुणाला धीरच झाला नाही गं.”

टकटक थांबेना. उत्तर मिळालं नाही तर आजी धसक्यानं जातील, अशी भीती वाटली. मी लाटणं उचललं आणि आई वाजवत असेल तसं वाजवलं.

भिंत गप्प झाली. मी सुटकेचा श्वास घेतला, तोच पलीकडून आजींचा मोठा, कापरा आवाज आला.

“पोरी, तुझी आई कधी गेली गं?”