फ्रान्सचं घर बघायचा कार्यक्रम

नर्मदामाईची शपथ घेऊन सांगते, यातला एकेक शब्द खरा आहे! शेजारची विनता साक्षीला होती, तिला विचारा. तिला ऐकायला जरा कमी येतं, पण विचारा.

आमचा नातू सौमित्र फ्रान्समध्ये विमानाच्या कंपनीत आहे. त्याची बायको दीप्ती, इथल्या राइट टाऊनचीच पोर. तिकडे शहरातलं त्यांचं घर एवढंसं, की मागच्या खेपेला मी झोपले तर डोकं स्वयंपाकघरात अन् पाय जिन्यात. येणारे-जाणारे माझ्या पायांना 'बोंजूर' म्हणून वर जायचे.

मग दीप्तीला खेड्यातलं एक घर आवडलं. दगडी भिंती, मागे सूर्यफुलांचं शेत अन् अंगणात चांगला मोठा स्विमिंग पूल. मालकीण ऐंशीची म्हातारी, ओदिलबाई. भाव जुळला होता, पण गिऱ्हाईकं दोन. दुसरा होता एक मोटारींचा शौकीन. तो पूल बुजवून तिथे आपल्या मोटारी उभ्या करणार होता. ओदिलबाईला काही ते रुचत नव्हतं. ती दीप्तीला म्हणाली, घरात कोण कोण येणार आहे ते मला आधी दाखवा, मग मी ठरवते.

"आजी, रविवारी व्हिडिओ कॉलवर बसा," दीप्ती म्हणाली. "हातातोंडाशी आलेली तीन घरं गेली माझी. हे गेलं तर मी परत शोधणार नाही, सांगून ठेवते. त्या खुराड्यातच राहीन."

"म्हणजे बघायचा कार्यक्रम आहे म्हण ना!" आमचे हे, भय्यासाहेब, खूश. त्यांनी लग्नातला कोट काढला. मी कांदेपोहे केले. फ्रान्सला पोहे कसे पोचणार, असं विचारू नका. कार्यक्रम म्हटला की पोहे लागतात.

"अहो, पण आपण मुलीकडचे की मुलाकडचे?" मी विचारलं.

"घर आपल्याकडे येऊन राहिलं ना? मग आपण मुलाकडचे," हे म्हणाले अन् सोफ्यावर असे ताठ बसले, जसं काही आजच वर्‍हाड निघणार आहे.

रविवारी विजय नगरच्या आमच्या हॉलमध्ये टीव्हीवर तो पूल आला. बाप्पा, एवढा निळा, की आमची पांढरी भिंत निळी झाली! विनता तर टॉवेल घेऊनच आली. ओदिलबाई पुलाच्या काठी खुर्ची टाकून बसली होती, फुलाफुलांचा झगा घालून. एका बाजूला सौमित्र, दुसऱ्या बाजूला दीप्ती, ती इकडचं तिकडे सांगायला.

हे सुरू झाले. "जिना जरा उभाच दिसतो."

"आबा..." दीप्ती कुजबुजली.

"खिडक्या वाजतात का हवेनं? छत गळतं का? पुलात बेडूक येतात का?"

दीप्तीनं हे सगळं फ्रेंचमध्ये काय सांगितलं देव जाणे, पण ओदिलबाई हसून मान डोलवत होती. सगळं ठीक चाललं होतं हो! शेवटी तिनं स्वतःच विचारलं, "घर आवडलं का?"

दीप्ती तोंड उघडणार, तेवढ्यात यांनी पोह्याची बशी खाली ठेवली, मिशी पुसली अन् साहेबी इंग्रजीत ठणकावलं, "वुई विल लेट यू नो!"

आम्ही कळवतो.

एवढं इंग्रजी ओदिलबाईला येत होतं. तिचा चेहरा पडला. तिकडे असं फक्त नको असेल तेव्हाच म्हणतात. ती काहीतरी पुटपुटली अन् उठून आत गेली.

"आबा, काहून असं म्हणालात?" दीप्तीच्या डोळ्यांत टचकन पाणी. "ती म्हणाली, दुसऱ्यानं सरळ हो म्हटलंय. आता त्यालाच फोन करते."

"अगं, पहिल्याच बैठकीत हो म्हणतात का कुठे? काय इज्जत राहील आपली?"

"इज्जत ठेवा कोटाच्या खिशात," मी म्हटलं. "मला बघायला आलात तेव्हाही 'कळवतो' म्हणूनच उठला होतात. माझ्या बाबांनी सागर शहरातलं दुसरं स्थळ पक्कंच केलं असतं. ऐन वेळी तुमची आई धावत आली म्हणून वाचलात!"

"दीप्ती, रडू नको. साखर आहे का जवळ?"

"गाडीत कॉफीबरोबर मिळालेल्या पुड्या आहेत, आजी. साखरेच्या."

"चलो, घे त्या. जा आत अन् तिच्या हातावर ठेव. सौमित्र, तू फोन धर. हलवू नको, मला चक्कर येते."

ओदिलबाईच्या हातात फोन होता. नंबर लावतच होती. दीप्तीनं तिची ओंजळ साखरेच्या पुड्यांनी भरली. ती बघतच राहिली.

मी म्हटलं, "बाई, आमच्यात लगेच हो म्हटलं तर हावरट समजतात. म्हणून म्हातारा तसं बोलला. घर आम्हाला पसंत आहे. अन् आम्ही नर्मदेकाठची माणसं, भरलेलं पाणी बुजवत नाही. आल्याबरोबर तुझ्या पुलात दिवा सोडीन."

दीप्तीनं सांगितलं. ओदिलबाईनं फोन खाली ठेवला. मग विचारलं, "पण पोहणार कोण? मी अजून रोज सकाळी पोहते."

"मी!" मी म्हटलं. यांना ठसका लागला. "लहानपणी नर्मदेच्या ग्वारीघाटाहून भर पाण्यात पलीकडे गेले आहे मी, पाठीवर वासरू घेऊन!"

ओदिलबाई एवढी हसली, की खुर्ची करकरली. मग हळूच म्हणाली, "घर देते. पण रविवारी मला पोहायला येऊ द्याल?"

"विहीणबाई, हे काय विचारणं झालं? लेक दिली म्हणजे काय येणं-जाणं बंद होतं?"

दीप्तीला हे फ्रेंचमध्ये सांगताना रडू अन् हसू एकदमच आलं. ओदिलबाईनं एक पुडी फाडून साखर तोंडात टाकली. झालं, ठरलं!

आता आमची तिकिटं आली आहेत. दीप्ती रोज फोन करते, "आजी, ओदिलबाई विचारून राहिली, तुम्ही कधी येता? तुमच्यासाठी पोहायची टोपी आणून ठेवली आहे तिनं."

म्हणून आता सांगूनच टाकते. ते वासरू माझ्या पाठीवर नव्हतं. म्हैस पुढे होती अन् तिचं शेपूट धरून मी मागे. बाकी सगळं खरं. पण आता फ्रान्समध्ये म्हैस कुठून आणू, ते तेवढं कुणीतरी सांगा.