घरपाठवणी

पार्व्होचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. रक्त आणि नासलेलं दूध एका भांड्यात उकळलं तर थोडंफार जवळ जाईल. कुत्र्याच्या पिल्लाला हा रोग झाला की ते वरून-खालून रिकामं होत जातं. डॉक्टरचं काम एवढंच, की जेवढं बाहेर जातंय तेवढं शिरेतून आत ढकलत राहायचं. चार-पाच दिवस. सुई टिकवायची, पिंजरा धुवायचा, पिल्लू पुन्हा घाण करतं, पुन्हा धुवायचा, तोही ब्लीचने, कारण सांडलेला हा रोग फरशीवर महिनोन्महिने जिवंत राहतो आणि पुढच्या पिल्लाला लागतो. मी आणि नवरा एकाच वर्गात शिकलो, एकाच दवाखान्यात बसतो. निम्मं आयुष्य पिंजऱ्यात मुंडकं घालून जाईल हे पदवी देताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यामुळे नवऱ्याने युक्ती काढली तेव्हा मला आनंदच झाला. तीन इंजेक्शनं एकापाठोपाठ, सलाइन कातडीखाली भरायचं, आणि पिल्लू टॉवेलात गुंडाळून घरी. ॲडमिट नाही, पिंजरा नाही, वास नाही. मालकही खूश. नवऱ्याने ते आमच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकलं.

हा ग्रुप म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांचा. कुणी एक्स-रे टाकतो, कुणी जखमेचा फोटो टाकतो, बाकीचे सल्ले देतात. जे जगलं त्याचा फोटो येतो, खाली टाळ्या पडतात. जे मेलं त्याचं कुणी काही टाकत नाही. नियम नाही तसा, पण मेलेलं जनावर ग्रुपवर आणणं म्हणजे लग्नात जाऊन रडण्यासारखं. ग्रुप चालवणारा एक निवृत्त प्राध्यापक. तोंडावर सगळे त्याला सर म्हणतात, पाठीमागे हेडमास्तर. नोंदणी चालू ठेवायची तर डॉक्टरांना शिक्षणाचे पॉइंट मिळवावे लागतात, आणि हेडमास्तरच्या ऑनलाइन वर्गाला बसलं की ते मिळतात. म्हणून त्याचा शब्द खाली पडत नाही.

नवऱ्याच्या युक्तीला ग्रुपवर कुणीतरी गमतीत 'घरपाठवणी' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. नवऱ्याचा झाला पिल्लूसर. अनोळखी डॉक्टरांचे फोन यायला लागले. "सर, डोस सांगता का?" हा माणूस, ज्याला स्वतःच्या बहिणीने आयुष्यात कधी सल्ला विचारला नाही, तो फोनवर येरझाऱ्या घालत बोलायला लागला. मग हेडमास्तरने त्याला वर्ग घ्यायला बोलावलं. घरपाठवणीवर पूर्ण दुपार.

"किती बरी झाली म्हणून सांगणार?" मी विचारलं.

"जवळजवळ सगळीच. परत कुठे आली कुणी?"

आमच्या धंद्यात हे सगळेच धरतात. पेशंट परत आला नाही म्हणजे बरा झाला. बरा झाला नसता तर मालक दारात येऊन बोंबलला असता. खाज, लंगडणं, कानदुखी, यांना ते चालतंही. म्हणून मीही मान डोलावली आणि कामाला लागले. काम काय, तर लसीच्या आठवणीचे फोन. जगलेल्या पिल्लाला पुढे लस द्यायची असते. वर्गाच्या आदल्या दिवशी दवाखाना रिकामा होता, तर मी म्हटलं, घरपाठवणीची पिल्लं बोलावून घेऊ, फोटो काढू, वर्गात दाखवायला होतील.

पहिल्याच बाईने फोन उचलला. "लस? कुणाला लस? ते त्याच दिवशी गेलं ना हो, संध्याकाळी."

"मग तुम्ही कळवलं नाहीत?"

"मेल्यावर डॉक्टरला काय कळवायचं असतं?"

मी दुसरा फोन लावला. तो माणूस म्हणाला, आम्ही आता मांजर आणलंय. तिसऱ्याने माझं नाव ऐकून फोन ठेवला. एका म्हाताऱ्याने मात्र सगळं सांगितलं. पिल्लू घरी नेल्यावर पाणी प्यायला वाटीपाशी गेलं आणि वाटीतच तोंड ठेवून पडलं. "डॉक्टर म्हणाले होते झोपेल, म्हणून आम्ही उठवलं नाही," तो म्हणाला. "तुमचे उपकार आहेत बाई, निदान घरी तरी गेलं." तो माणूस मला धन्यवाद देत होता. कानशिलात मारली असती तर बरं वाटलं असतं.

जगलेलीही निघाली. पण ती मोजकी, आणि बहुतेक मोठी, धडधाकट पिल्लं, जी कशानेही जगली असती.

नवरा वर, घरात, हेडमास्तरला पाठवलेल्या स्लाइडवर शेवटचा हात फिरवत बसला होता. मी जाऊन सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"पार्व्हो आहे. मरतातच. ॲडमिट केलेलीही मरतात."

"ॲडमिट केलेली आपल्याकडे निम्म्याहून जास्त जगायची. तू पिंजरे धुतलेस ना माझ्याबरोबर? मग तुला माहितीये."

"तू उद्याच्या आधी हे काढणारच होतीस. मला कुणी चांगलं म्हटलं की तुझ्या पोटात दुखतं."

"दुखू दे माझ्या पोटात. तू एक फोन लाव. एकच."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याचा पांढरा कोट इस्त्री करून आणला होता. "काय झालं गं? आवाज का चढलाय? उद्या त्याचा कार्यक्रम आहे, आज तरी त्याचं डोकं खाऊ नकोस."

नवऱ्याने मला गप्प करायला म्हणूनच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे एक बाई होती, भांडी घासल्याचा आवाज येत होता. त्याने विचारलं पिल्लू कसं आहे. ती म्हणाली, कुठलं पिल्लू, आणि मग म्हणाली, अच्छा ते होय. भांड्यांचा आवाज थांबला नाही. दोन वाक्यांत तिने ते मारून पुरून टाकलं. मग म्हणाली, "डॉक्टर, तुमचा दोष नाही. ते अशक्तच होतं."

त्याने आणखी फोन लावले. मी थांबवलं नाही. सासूबाई कोट हातावर घेऊन तशाच उभ्या. शेवटी त्या म्हणाल्या, "अरे, पण उद्या काय सांगणार तू लोकांना?"

"जे आहे ते," तो म्हणाला.

मला तेव्हा त्याच्याबद्दल जे वाटलं ते लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्याचं नाव होण्याची आयुष्यातली एकच दुपार, आणि ती तो स्वतःच्या हाताने मातीत घालायला निघाला होता. आणि मला खात्री होती की घरपाठवणी त्या दुपारी बंद होईल. ज्याने सुरू केली तोच म्हणतोय बंद करा, आणखी काय लागतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कोट घालून लॅपटॉपसमोर बसला. सासूबाई कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने कोपऱ्यात बसल्या आणि आपल्या मोबाइलवर तोच वर्ग बघायला लागल्या. नवऱ्याचा प्रत्येक शब्द त्यांच्या फोनमधून मागाहून येत होता.

"आई, बंद करा ते," मी म्हटलं.

"मला तो टीव्हीसारखा दिसतोय. दिसू दे."

हेडमास्तरने सुरुवातीला हजेरी घेतली. नाव आणि नोंदणी नंबर टाका. खाली धबधब्यासारखी नावं कोसळली. आणि हजेरी झाली की माणसं काय करतात ते मला ठाऊक आहे, कारण मीही तेच करते. फोन टेबलावर उताणा ठेवायचा आणि गाईचं बाळंतपण करायला निघून जायचं. शेवटच्या हजेरीला परत यायचं.

नवरा म्हणाला, "मी जे शिकवायला आलो होतो ते शिकवणार नाही. घरपाठवणी वापरू नका. आम्ही मालकांना फोन केले. जी परत आली नाहीत ती मेली होती. आम्ही त्यांना बरी धरत होतो."

कोपऱ्यातून मागाहून आवाज आला, ती मेली होती.

चॅटमध्ये ओळी यायला लागल्या. 'व्हेरी नाइस सर.' 'आवाज क्लिअर आहे.' 'डोस रिपीट करा प्लीज.' 'हजेरी कधी?' एकाने फक्त अंगठा टाकला.

"डोस नाही सांगणार," नवरा म्हणाला. "ऐकताय का? पिल्लं ॲडमिट करा. सलाइन शिरेतून द्या. दुसरा रस्ता नाही."

हेडमास्तर हसला. फार गोड हसतो तो. "बघा, याला म्हणतात मोठेपणा. आजकाल कोण आपल्या कामातल्या उणिवा सांगतो? शिकण्यासारखं आहे हे. आता मुद्द्यावर येऊ. सरांनी स्लाइड आधीच माझ्याकडे पाठवल्यात, मी दाखवतो."

आणि पडद्यावर डोसची स्लाइड आली. वर नवऱ्याचं नाव, नावाखाली आमचा दवाखाना.

"स्क्रीनशॉट घ्यायचा त्यांनी घ्या," हेडमास्तर म्हणाला.

"काढा ती! काढा म्हणतो ना! अहो, मरतायत ती!" नवरा ओरडला, उभा राहिला. पण तोवर त्याचा माइक तिकडून बंद झाला होता. सासूबाईंच्या मोबाइलवर तो नुसताच तोंड उघडत-मिटत होता.

"आवाज गेला रे तुझा," सासूबाई म्हणाल्या. "वायर बघ."

संध्याकाळी सर्टिफिकेट आलं. 'उत्कृष्ट मार्गदर्शक.' त्याने ग्रुपवर लिहिलं, की माझी पद्धत वापरू नका. ते पुसलं गेलं. पुन्हा लिहिलं तर त्याला काढून टाकलं. वादाचे विषय नकोत म्हणे. मग तो एकेका डॉक्टरला फोन करत बसला, ज्यांनी ज्यांनी त्याला डोस विचारला होता त्यांना. त्यातला एक जण आवाजावरून नुकताच पास झालेला वाटत होता.

"सर, माझीपण गेली," तो म्हणाला. "बरीच गेली. पण मला वाटलं माझंच चुकतंय. तुमच्याकडे सगळी वाचतात ना."

"माझ्याकडे नाही वाचत. तेच सांगतोय. तू हे ग्रुपवर लिही."

"मी? मला हसतील सर. म्हणतील, याला इंजेक्शन टोचता येत नाही."

"मग निदान देऊ नकोस."

"मग काय देऊ? माझ्याकडे एक टेबल आहे आणि एक खुर्ची. पिंजरा ठेवायला जागा नाही. नाही म्हटलं तर माणूस पलीकडच्या डॉक्टरकडे जातो, तो देतोच." मग त्याने विचारलं, "सर, डोस थोडा वाढवून बघू का?"

नवऱ्याने फोन ठेवला. तो पोरगा खोटं कुठे बोलत होता?

पुढच्या आठवड्यात एक बाई आली. टॉवेलात तपकिरी पिल्लू, मान लुळी, आणि तो वास. टेबलावर ठेवल्या ठेवल्या त्याने टेबल भरवलं. नवऱ्याने हिरड्या पाहिल्या, कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, चिमटीत धरल्यासारखी; अंगात पाणी उरलं नव्हतं.

"ॲडमिट करावं लागेल. चार दिवस तरी."

"चार दिवस? माझ्या जावेच्या पिल्लाला तीन इंजेक्शनांत घरी पाठवलं त्या चौकातल्या डॉक्टरांनी. नवीन पद्धत आहे म्हणे."

"ती पद्धत मीच काढलीय. ती चालत नाही."

बाईने त्याच्याकडे असं बघितलं, जसं आपण दारू पिऊन आलेल्या माणसाकडे बघतो. "तुम्ही काढलीत, आणि तुमच्याकडे चालत नाही, आणि त्यांच्याकडे चालते?"

"जावेचं पिल्लू कसं आहे आता?" मी विचारलं.

"ती इथे राहायला आली होती, पिल्लू घेऊन परत तिच्या गावी गेली. असेल बरं. नाहीतर तिने सांगितलं असतं."

नवरा तिच्या आणि दाराच्या मधे गेला. "बाई, पैसे देऊ नका. एक पैसा देऊ नका. इथे ठेवा फक्त."

तिथेच घोटाळा झाला. बाईने टॉवेल ओढून घेतला. "फुकट? मग तर नकोच. फुकट ठेवून तुम्ही काय प्रयोग करणार कुणास ठाऊक." पिल्लाने तिच्या बाहीवर तोंड ठेवलं होतं. तिने त्याच्या कानाला हात लावला, "चल रे सोन्या," म्हणाली, आणि चौकाच्या दिशेने निघून गेली.

नवरा पायरीपर्यंत गेला. हाक मारायला तोंड उघडलं, पण तिचं नाव आम्ही विचारलंच नव्हतं.

मग त्याने बादलीत ब्लीच ओतलं आणि स्वतःच टेबल पुसलं, मग खालची फरशी, मग तिच्या चपलांच्या ठशांमागून दारापर्यंत. मी म्हटलं, दे इकडे, मी करते. त्याने दिलं नाही. बाहेर बाकावर एक माणूस लस टोचायला आणलेलं पिल्लू मांडीवर घेऊन बसला होता आणि ते त्याच्या शर्टाची बटणं चावत होतं.

"येऊ का आत?" त्याने विचारलं.

"थांबा," नवरा म्हणाला. "फरशी ओली आहे. कुठे टेकवू नका त्याला."

आणि पुन्हा दारापासून पुसायला लागला.